बाग वाचली, आता आबांना काय कळवू?

पत्र

माझं सासर तासगाव तालुक्यातलं, माहेर कोरेगावचं. मिस्टर फौजेत आहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून दीड एकर सुपर सोनाका द्राक्षाची बाग मीच बघते. फळछाटणीनंतर ऑक्टोबरात पाऊस लागून राहिला आणि पानांवर तेलकट पिवळे डाग दिसायला लागले. रात्री दहा वाजता बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. सात-आठ जणांनी उत्तरं दिली. त्यातले मिरज तालुक्यातले एक आबा पुढं पंधरा-वीस दिवस रोज विचारत राहिले, सांगत राहिले. मी त्यांना अजून पाहिलेलंही नाही. बाग वाचली, फेब्रुवारीत माल गेला. त्यांच्या प्रत्येक मेसेजला मी हात जोडल्याची खूण टाकत होते. परवा आबांनी ग्रुपवर लिहिलं, "बागा वाचल्या, पण पुढं काय झालं ते सांगायला कोण आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो." नाव कुणाचंच नाही, पण मला लागलं. सासूबाई म्हणतात, द्राक्षाची पेटी पाठव. पुतण्या म्हणतो, "काकी, ऑनलाइन एवढं कोण करतं? लाईक दिलंस ना, झालं." मिस्टर म्हणतात, थोडे पैसे पाठव, फुकट कशाला घ्यायचं. चार महिन्यांनी आता आभार मानले तर बरं दिसेल का? मानायचे तर ग्रुपवर की वेगळे? आणखी एक. आबांनी दिलेलं फवारणीचं वेळापत्रक मी बहिणीला पाठवलं होतं. ते आता भलत्याच कुणाच्या नावानं फिरतंय. त्याचं काय करू?

उत्तर

ताई, आबांचा मेसेज पुन्हा एकदा सावकाश वाचा. "कुणी धन्यवाद म्हटलं नाही" असं त्यांनी कुठंही लिहिलेलं नाही. जोडलेले हात त्यांना तुमच्याकडूनच रोज मिळत होते, आणि त्यांचा ग्रुप चालता असेल तर दिवसाला पन्नास मिळत असतील. त्यांची तक्रार एवढीच आहे की पुढं काय झालं ते कळलं नाही. म्हणजे माणूस निकालाची वाट बघतोय आणि आपण त्याला नमस्कार करत बसलोय.

त्यांच्या जागी बसून बघा. समोर मोबाईलवर एका पानाचा फोटो, तोही रात्रीच्या बल्बच्या उजेडात काढलेला. बाग कुणाची, माती कसली, ओढ्याकाठची की माळावरची, काही माहीत नाही. वरून तेलकट डाग आणि पान उलटं केल्यावर पांढरी लव दिसली म्हणजे डाऊनी, आपला केवडा रोग, हे ते सांगू शकतात. पण डाऊनीचं बीज पानावर पाणी साठून राहिलं तरच रुजतं, आणि शिरतं ते बहुतेक पानाच्या खालच्या अंगानं. त्यामुळे पान किती तास ओलं होतं, छाटणीला किती दिवस झाले, मागची फवारणी कशाची होती आणि ती खालून पोचली होती का, हे सगळं ते तुम्हाला विचारत बसले असणार. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला आणि सल्ला दिला. अंदाज बरोबर निघाला की चुकला, हे कळायची त्यांच्याकडे एकच वाट होती, ती म्हणजे तुम्ही. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पाऊस लागेल आणि पुन्हा कुणीतरी रात्री दहाला पानाचा फोटो टाकेल. तेव्हा आबांनी त्याला काय सांगायचं? "मागच्या वर्षी एका बागेत असं केलं होतं, तिथं हे टिकलं आणि हे गेलं" असं सांगता आलं तर त्या सल्ल्याला वजन येतं. नाहीतर तोच अंदाज ते पुन्हा लावणार.

तुम्हाला हे सुचलं नाही, याचं मला फारसं नवल वाटत नाही. आपल्याकडे गावात मदतीबद्दल तोंडानं आभार मानायची पद्धत नव्हतीच. पैऱ्यानं काम करताना कोण कुणाला धन्यवाद म्हणतं? आज मी तुझ्या रानात आलो, उद्या तू माझ्या रानात येणार, हिशेब डोळ्यांसमोर असतो. शेजाऱ्यानं पंप दिला तर त्याला तुमची बाग येता-जाता दिसते. घड भरले की जिरले ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. कौतुकाचे शब्द नसले तरी मदतीचं पुढं काय झालं ते त्याला दिसत राहतं. मोबाईलवर यातलं काहीच नाही. मिरजेकडच्या माणसाला तुमचं रान दिसत नाही, आणि उद्या तो तुमच्या दारात पैरा मागायलाही येणार नाही. गावात जे न बोलता पोचतं ते इथं बोलूनच पोचवावं लागतं, नाहीतर पोचतच नाही.

आणि तुम्ही तर तासगावच्या. मोबाईल स्वप्नातही नव्हता तेव्हा, साठच्या दशकात, श्री. अ. दाभोलकरांनी तुमच्याच भागातल्या द्राक्ष बागायतदारांना हाताशी धरून प्रयोग परिवार उभा केला. गणिताचे प्राध्यापक, पण शेतकऱ्यानं आपल्याच रानात प्रयोग करावा, नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्याला कळवावी, याचा त्यांना ध्यास. माणसं एकमेकांना पत्रं लिहायची. मी असं केलं, असं झालं, तुझ्याकडं काय झालं? ती देवाणघेवाण चालली ती जो तो आपला निकाल परत कळवत होता म्हणून. सगळ्यांनी नुसतेच प्रश्न पाठवले असते आणि उत्तरं घेऊन गप्प बसले असते, तर तो परिवार चार महिन्यांत आटोपला असता. आजचे द्राक्षांचे ग्रुप त्याच मुलखात चालतात, हे विसरू नये.

आता तुमचे प्रश्न. उशीर झाला का? अजिबात नाही. द्राक्षात खरा निकाल माल गेल्यावरच कळतो. नोव्हेंबरात तुम्ही "आबा, बाग वाचली" असं लिहिलं असतं तरी ते अर्धवटच ठरलं असतं. मध्ये एकदा "नवीन डाग थांबले" एवढं कळवायला हवं होतं, ते राहिलं. त्याची एका ओळीत माफी मागा आणि पुढं चला. मेसेजभर ओशाळून लिहू नका. नाहीतर "असू दे ताई, एवढं काय" असं म्हणत तुमचीच समजूत काढायचं काम आबांवर येईल.

लिहायचं ते ग्रुपवरच. आणि नवा मेसेज सुटा टाकू नका. ऑक्टोबरातला तुमचा फोटोवाला प्रश्न शोधा, तो धरून उजवीकडं सरकवा आणि त्याखालीच उत्तर म्हणून लिहा. म्हणजे प्रश्न आणि निकाल एकमेकांना जोडलेले राहतात. वर्षभरानं कुणी ग्रुपमध्ये "डाऊनी" शब्द टाकून शोधलं तर त्याला दोन्ही सापडतात. काय लिहावं याचा नमुना देते, शब्द तुमचे घाला:

"आबा आणि सगळ्यांना नमस्कार. ऑक्टोबरात मी हा डाऊनीचा फोटो टाकला होता. कळवायला उशीर झाला, माफ करा. आबांनी सांगितल्याप्रमाणे बगलफुटी काढून बाग मोकळी केली, रोगट पानं गोळा करून रानाबाहेर नेली, आणि फवारणीच्या ब्लोअरची तोंडं खालून पानाला लागतील अशी करून घेतली. औषधं अमुक, छाटणीपासून अमुक दिवशी. आठवड्यात नवीन डाग यायचे थांबले. ओढ्याकडच्या चार ओळींत फुलोऱ्यातले घड गेले ते गेलेच, तिथं उशीर झाला होता. बाकी माल फेब्रुवारीत गेला. अमुक भाऊंनी फवारणीचं पाणी कमी पडतंय हे फोटोवरून ओळखलं होतं, त्यांचेही आभार. एक गोष्ट जमली नाही: दोन फवारण्यांमध्ये सांगितलेलं अंतर पावसामुळं पाळता आलं नाही."

यातलं औषधाचं नाव, प्रमाण आणि दिवस तुमच्या वहीतून बघून लिहा, आठवणीवर जाऊ नका. वही ठेवत नसाल तर यंदापासून ठेवा. तो सल्ला तुम्ही मागितला नव्हता, पण घ्या.

नमुन्यातली ओढ्याकडच्या चार ओळींची गोष्ट मी मुद्दाम घातली आहे. तुमच्याकडं असं काही झालं असेल तर ते गाळू नका. आभाराच्या मेसेजमध्ये माणसं फक्त गोड तेवढं लिहितात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. आबांसारख्या माणसाला वाईट वाटणार नाही, उलट त्यांना तेच पाहिजे असेल. आणि "आबा, तुम्ही देवमाणूस आहात" वगैरे एका वाक्याच्या पुढं नेऊ नका. ते वाचून बाकीचे सात जण गप्प होतात आणि आबाही जरा अवघडतात.

त्या सात जणांबद्दल थोडं. ज्यांचा सल्ला तुम्ही घेतला नाही त्यांनीही रात्री दहाला तुमच्यासाठी फोटो मोठा करून बघितला होता. सगळ्यांची नावं घ्यायला नकोत, पण ज्यांच्या एखाद्या वाक्यानं काही सुचलं त्यांचं नाव घ्या. आणि कुणाचं औषध तुम्ही मुद्दाम मारलं नसेल, तर तेही सरळ लिहायला हरकत नाही. "तुम्ही सांगितलेलं औषध आधीच एकदा मारलं होतं म्हणून पुन्हा घेतलं नाही" यात अपमान काही नाही. उत्तर वाचलं गेलं, एवढं त्या माणसाला कळतं.

पुतण्या म्हणतो ते अर्धं खरं आहे, त्याला एकदम झटकून टाकू नका. शब्दानं आभार मानायची वेळ असते आणि खुणेनं मानायची पण असते. पावसाळ्यात सांगलीच्या कुठल्याही ग्रुपवर बघा. "आयर्विनला किती फूट?" असं कुणीतरी विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. नदीकाठच्या माणसाला 40 फुटांची इशारा पातळी आणि 45 ची धोका पातळी पाठ असते, त्याला फक्त आकडा हवा असतो. आकडा येतो, आणि त्याखाली तीस जणांचं "धन्यवाद", "आभारी आहे", "खूप खूप धन्यवाद सर", मध्ये कुणाचा तरी गुलाबाचा फोटो. सामान हलवायच्या घाईतला माणूस तो आकडा वर-खाली शोधत बसतो. अशा वेळी त्या मेसेजवर अंगठा किंवा जोडलेले हात चिकटवायचे. 2022 पासून ती सोय आहे, त्यात वेगळी ओळ खर्ची पडत नाही. म्हणजे आकडा, पत्ता, फोन नंबर, बाजारभाव असल्या एका ओळीच्या मदतीला खूण पुरते. पंधरा-वीस दिवस एखादा माणूस तुमच्या बागेचा विचार करत असेल तर खूण पुरत नाही. एवढं पुतण्याला सांगा. समजेल त्याला, ही पोरं याबाबतीत आपल्यापेक्षा हुशार असतात.

पैशांचं मात्र मिस्टरांना नको म्हणा. त्यांच्या मनात वाईट काही नाही, फुकटचं नको ही फौजी माणसाची सवय. पण आपल्या जिल्ह्यात एकरी फी घेऊन सल्ला देणारे द्राक्ष सल्लागार आहेत, ती त्यांची रोजीरोटी आहे आणि त्यांना फी दिलीच पाहिजे. आबा त्यातले नाहीत असं तुमच्या पत्रावरून दिसतं. त्यांना न विचारता फोनवरून पैसे पाठवले तर ते परत पाठवतील, आणि पुढच्या वेळी तुमच्या फोटोला उत्तर देताना दोनदा विचार करतील. मदत करणारा दुकानदार असेल तर गोष्ट थोडी निराळी. त्याचे आभार जरूर माना, पण त्याच्याकडचंच औषध घ्यायचं ओझं मनावर घेऊ नका. कुणी मदत केली म्हणून त्याचं प्रत्येक म्हणणं पुढं ऐकलंच पाहिजे असं नसतं. आबांच्या बाबतीतही हेच. पुढच्या वर्षी त्यांचा सल्ला पटला नाही तर नम्रपणे तसं म्हणायची मोकळीक ठेवा.

ग्रुपवर की वेगळं, असं तुम्ही विचारलंत. दोन्ही, पण वेगवेगळ्या कामासाठी. निकाल ग्रुपवर, कारण तो सगळ्यांच्या कामाचा. घरची चार वाक्यं वेगळी. त्यासाठी मेसेजपेक्षा फोन बरा. सासऱ्यांच्या हातात फोन द्या. म्हाताऱ्या माणसानं "माझ्या सुनंला तुम्ही धीर दिला" असं म्हटलं तर आबांना ते जड जाणार नाही, सासऱ्यांनाही बागेच्या गोष्टी बोलायला कुणीतरी मिळेल. गुडघे धरून घरात बसलेल्या बागायतदाराला हे किती लागतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. मग तुम्ही बोला, मोकळेपणानं. पुरुषांनी भरलेल्या ग्रुपवर एकटी बाई प्रश्न विचारते, म्हणून आभार मानतानाही आवाज खाली ठेवायचा असं काही नाही. उलट तुम्ही स्वतःच्या नावानं सविस्तर निकाल टाकलात तर नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नंबरवरून गुपचूप वाचणाऱ्या बायका त्या ग्रुपवर असतील, त्यांना पुढं प्रश्न विचारायला सोपं जाईल.

आता वेळापत्रकाचं. पत्राच्या शेवटी तुम्ही हे जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच वाटली. आबांचं नाव गेलं हा एक भाग, आणि तो वाईटच. जागून केलेलं काम आपलं, वर नाव दुसऱ्याचं आणि पुढं "कृषितज्ज्ञ" लावलेलं, हे कुणालाही सहन होणार नाही. पण नावाबरोबर आणखी काय गेलं ते बघा. ते वेळापत्रक तुमच्या बागेसाठी होतं, तुमच्या छाटणीच्या तारखेपासून मोजलेलं, त्या आठवड्यातल्या पावसासाठी. फुलोऱ्याच्या आधी चालणारं औषध मणी भरल्यावर कुणी मारलं तर? प्रत्येक औषधाला काढणीच्या आधी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं, लेबलवर छापलेलं असतं. ते चुकलं की मालात अंश राहतात. निर्यातीच्या बागा ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंदवलेल्या असतात आणि मालाची तपासणी होते. अंश जास्त निघाले तर त्या बागायतदाराचं वर्ष गेलं. इथल्या बाजारात निर्यातीसारखी तपासणी होत नाही म्हणून खाणाऱ्याच्या पोटात ते जात नाही असंही नाही. आबांचं नाव राहिलं असतं तर कुणीतरी त्यांना विचारलं असतं, "माझ्या बागेला चालंल का?" नाव गेलं आणि विचारायचं ठिकाणही गेलं.

म्हणून आधी बहिणीला फोन करा. तिनं कुणाकुणाला पाठवलं ते विचारा, आणि त्या सगळ्यांना एवढं पाठवा: हे वेळापत्रक अमुक आबांचं, ऑक्टोबरातल्या डाऊनीसाठी, एका ठरावीक बागेकरता दिलेलं, तसंच्या तसं वापरू नये. ज्या ग्रुपवर ते दुसऱ्याच्या नावानं फिरतंय तिथं तुम्ही असाल तर तिथंही हेच टाका, पण त्या माणसाला चोर म्हणू नका. बहुतेक वेळा त्यानंही ते कुठून तरी उचललेलं असतं आणि नाव तिसऱ्यानंच चिकटवलेलं असतं. आणि आबांना ही गोष्ट तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. "मी बहिणीला पाठवलं होतं, तिथून पुढं गेलं, मी असं असं सुधारायला सांगितलंय." रागावतील थोडे. रागावू द्या. यापुढं कुणाचाही सल्ला पुढं पाठवायचा झाला तर आधी त्याला विचारा, आणि नाव, तारीख, बागेची अवस्था या तीन गोष्टी वर लिहूनच पाठवा.

आबा हे सदर वाचत असतील तर त्यांनाही एक सांगायचंय. शेकडो माणसांच्या ग्रुपवर मारलेला टोमणा नेमका नको त्यालाच लागतो. खरे कामापुरते मामा असतात त्यांनी तो वाचलेलाही नसतो, आणि वाचला तरी शेजाऱ्यासाठी आहे असं समजून ते पुढं जातात. मनाला लागतो तो या ताईंसारख्यांच्या. त्यापेक्षा जानेवारीत सरळ विचारावं, "ऑक्टोबरात ज्यांना डाऊनीचं सांगितलं होतं त्यांनी काय झालं ते टाका रे." लाजून नाहीतर विसरून गप्प बसलेली निम्मी माणसं त्या एका वाक्यावर बोलायला लागतील. मीही दर आठवड्याला सल्ले देते आणि पुढं काय झालं ते कळवणारी पत्रं फार थोडी येतात, तेव्हा आबांची चिडचिड मला परकी नाही.

राहता राहिली सासूबाईंची पेटी. त्यांची माया पोचली, पण द्राक्षवाल्याच्या घरी द्राक्षं? मिरजेकडं त्यांची स्वतःची बाग असेल, पेट्या त्यांनीच पाहुण्यांना वाटल्या असतील. बेदाण्याचंही तेच. त्यांना तुमच्या घडांचे फोटो पाठवा, काही ओळी गेल्या असतील तर त्यांचेसुद्धा, ते त्यांना पेटीपेक्षा आवडतील. आणि हातात काही द्यायचंच असेल तर तुमचं माहेर कोरेगावचं आहे ना? तिकडच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि मिरजेच्या बाजारात तो सहज मिळतो असं नाही. भाऊ येईल तेव्हा दोन किलो आणायला सांगा. मे महिन्यात मिस्टर सुट्टीवर आले तर दोघं मिळून जा, घेवडा द्या, त्यांची बाग बघून या.

मेसेज मात्र तोवर अडवून ठेवू नका. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आली आहे. एकदा छाटण्या सुरू झाल्या की ग्रुपवर मजूर, विरळणी आणि पाण्याशिवाय कुणी काही वाचत नाही. या आठवड्यातच टाका, रात्री जेवणानंतर, सगळे मोबाईल घेऊन बसलेले असतात तेव्हा.